खोल खिसे

४ मार्च, मंगळवार

उशीच्या अभ्र्यावर पुन्हा तांबूस डाग. दात घासताना रक्त येतं ते जुनंच — थुंकलं, नळ सोडला, विषय संपला. पण आज खालचा पुढचा दात जिभेनं हलला! एखाद्या मोटारीचा शाफ्ट असा हलला असता तर गिऱ्हाइकाला तिथल्या तिथे सांगितलं असतं, "साहेब, बेअरिंग गेलंय." रस्त्यानं जाताना नुसत्या आवाजावरून सांगतो मी, कुणाच्या पंख्याला काय झालंय ते. एका पकडीवर मोटारी-पंखे दुरुस्तीचं वर्कशॉप उभं केलं ते ह्या दोन कानांच्या जोरावर.

बायको असती तर त्यातला एक कान धरून दवाखान्यात नेलं असतं. वर्ष होत आलं तिला जाऊन.

६ मार्च

दातांच्या डॉक्टरीणबाई. वयानं लहान, आवाजानं हेडमास्तर. बारीक सळई दात आणि हिरडीच्या मधे घालत गेल्या आणि नर्सला आकडे सांगत गेल्या. "चार. पाच. सात."

मी म्हटलं, "लिलाव चाललाय का?"

हसल्या नाहीत. "काका, हिरड्यांत खिसे झालेत. हिरडी दाताला घट्ट धरून बसायला हवी, ती सुटलीय. त्या फटीत कीटण साचतं, आणि कीटणाखाली हाड झिजतं. म्हणून दात हलतोय."

"धंदेवाल्याचे खिसे खोलच बरे, बाई!"

"हे रिकामे बरे."

वा! तयारीची बाई आहे.

"पण दुखलं तर कधीच नाही हो."

"दुखत नाही म्हणूनच तर वर्षानुवर्षं चालतं. रक्त येणं हीच हिरडीची हाक. तुम्ही ऐकली नाहीत."

मला म्हणाली — ऐकली नाहीत!

मग हातमोजे काढता काढता सहज म्हणाल्या, "तोंडाला वासही बरीच वर्षं असणार. घरात कुणी बोललं नाही?"

घरात कुणी नाही, म्हणालो.

७ मार्च

वास.

सकाळपासून दुसरं काही सुचत नाही. शेवटच्या तीन वर्षांत तिनं अंथरूण बाहेरच्या खोलीत नेलं होतं. "घोरता तुम्ही! दिवसभर मशीनं, रात्री पुन्हा मशीन." मी हसलो होतो. घोरत असेन, पुरुष घोरतात. ती दार लावून घ्यायची.

आणि त्या लवंगा! रोज सकाळी शर्टाच्या खिशात एक लवंग टाकायची. "दाढेत धरा." मी वर्कशॉपमध्ये सगळ्यांना दाखवायचो — बघा, ह्या वयातही आमच्या हिचं प्रेम! पोरं हसायची. ते हसणं आज मला पुन्हा ऐकू येतंय. सूर वेगळा लागतोय.

पोरं माझ्यापासून दोन हात लांब उभी राहतात. मी समजत होतो दरारा आहे.

८ मार्च

फोरमनला कोपऱ्यात घेतलं. पहिल्या दिवसापासूनचा माणूस. विचारलं, "खरं सांग, माझ्या तोंडाला वास येतो?"

त्यानं स्विचबोर्डाकडे नजर वळवली. मग म्हणाला, "मालक, मशीनच्या आवाजात ऐकू नाही आलं."

मशीन बंद होतं.

११ मार्च

अर्ध्या तोंडाची सफाई झाली. इंजेक्शननं ओठ लोंबलेला, चहा हनुवटीवरून शर्टावर. आत ती बारीक किणकिण — हिरडीच्या खाली, मुळापर्यंत खरवडत गेली. दगडासारखे कण निघाले. "हे सगळं तुमचंच," बाई म्हणाल्या.

ब्रश कसा धरता दाखवा म्हणाल्या. मी दाखवला. "काका, दात आहेत, पातेली नाहीत!" आता मऊ ब्रश. हिरडीकडे जरा तिरका धरायचा, हलकेच फिरवायचा. दोन दातांच्या मधून इवलासा ब्रश, रोज. रक्त आलं तर थांबायचं नाही. साखर तपासून घ्यायची — ती वाढलेली असली तर हिरड्या लवकर भरत नाहीत.

मी जन्मभर समजत आलो, जोरात घासलं की सगळं साफ होतं.

१४ मार्च

साखर ठीक. हा एक अवयव तरी इमानदार निघाला.

१६ मार्च

राग येतोय तिचा. लिहून टाकतो, इथे कोण वाचणार आहे!

मला तोंडावर नावं ठेवायला ती कधी घाबरली? माझ्या चपला, माझी सैल जीभ, माझ्या बहिणी — कुणाला सोडलं नाही. तिनं दूध करपवलं की मी ओरडायचो. पातेल्याजवळ उभी असूनही तिला पत्ता नसायचा, आणि मला फसफस अंगणातून ऐकू यायची. "वेंधळी आहेस!" मी म्हणायचो. ती म्हणायची, "कान तुमचे, हात माझे. चाललंय ना?" एवढं बोलणारी बाई. मग एक वाक्य का निघू नये? अहो, तोंडाला वास येतो. बस! दुसऱ्या दिवशी गेलो असतो. अंथरूण उचलणं सोपं वाटलं तिला?

आणि शेवटी हॉस्पिटलात. छाती पार भरलेली — आम्हाला कळलं तेव्हाच उशीर झालेला. मी वाकून जवळ गेलो, काहीतरी बोलायचं होतं. तिनं तोंड भिंतीकडे फिरवलं.

इतका किळसवाणा झालो होतो का मी.

२५ मार्च

उरलेली सफाई झाली. पहिल्या बाजूची हिरडी आवळतेय. बाईंनी आरसा दिला — लालभडक होती ती आता फिकी गुलाबी. दात बहुतेक वाचेल. "दर तीन महिन्यांनी यायचं, दांडी नाही. आणि काका, वास गेला हं."

गेला. आता कुणाच्या जवळ जाऊन बोलू?

२ एप्रिल

रक्त नाही.

६ एप्रिल, रविवार

मेहुणी आली होती, तिच्या ताईचं कपाट आवरायला. तळाशी लवंगांची पुडी निघाली. मला राहवलं नाही. म्हटलं, "तुझी ताई माझ्या वासाला कंटाळून बाहेर झोपायची ना?"

"दाजी, ताईला वास कुठे यायचा? त्या मोठ्या तापानंतर तिचं नाकच गेलं होतं. दूध करपलं तरी कळायचं नाही — तुम्हाला बोलली नाही कधी?"

मग लवंगा?

"खोकल्याच्या. एक स्वतःच्या दाढेत, एक तुमच्या खिशात — म्हणजे तुम्हाला शंका नको. मी किती मागे लागले डॉक्टरकडे चल म्हणून! म्हणायची, ह्यांचे कान तिखट. मी आत झोपले तर पहिल्याच रात्री खोकला ऐकतील आणि कामधंदा टाकून उशाशी बसतील."

मधे एक पातळ भिंत. तीन वर्षं.

म्हणजे मी घोरत होतो, हे मात्र खरं.