प्लास्टिकमधला दाखला

प्रिय ठमाबाई,

फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. पाकीट न उघडता फेकून देण्याइतका धीर तुझ्यात नाही, हे मला तू रांगत होतीस तेव्हापासून ठाऊक आहे. सात आठवड्यांपूर्वी मी तुझ्याकडे यायचं विमानाचं तिकीट रद्द केल्याचं कळवलं, तेव्हा या वेळीही कंबरच का, एवढंच विचारून तू फोन ठेवून दिलास. तुझ्या भावजींनी मग दोनदा फोन करून डोळ्याचं सांगितलं, तर तुला वाटलं मीच त्यांना पढवून बसवलंय. आणि माझं नाव निघालं की नेमकं तुझ्या बेकरीच्या भट्टीत काहीतरी जळायला लागतं म्हणे. माझ्यावर विश्वास ठेव, एवढंच मागायचंय मला. पण ते असं फुकट मागता येणार नाही, म्हणून सगळं पहिल्यापासून सांगते.

निघायला पाच दिवस राहिले होते. बॅग भरून दाराशी ठेवली होती, ती इतकी लवकर की तुझे भावजी रोज तिला ठेचकाळून माझा उद्धार करायचे. दुकानात सकाळची गर्दी होती. एका बाईंच्या मुलीचं प्रमाणपत्र लॅमिनेशनला लावलं होतं आणि उजव्या डोळ्याच्या कोपऱ्यातून काळं काहीतरी वर चढायला लागलं. मला वाटलं, झेरॉक्सच्या मशीनची शाई चष्म्याला लागली. तीन वेळा काच पुसली. चौथ्यांदा चष्मा काढला, तरी काळं तिथंच! तेव्हा मात्र मशीन बंद केलं आणि तशीच दवाखान्यात गेले. संध्याकाळच्या आत डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी सांगून टाकलं, की डोळ्याच्या आतला पडदा सुटलाय, उद्या सकाळी ऑपरेशन, नाहीतर डोळा जाईल.

ऑपरेशन करून त्यांनी डोळ्यात वायूचा एक बुडबुडा सोडला. तो आतून पडद्याला दाबून धरतो आणि पडदा जागेवर चिकटतो. काय गंमत बघ, तीस वर्षं मी लोकांच्या कागदांत एक बुडबुडा राहू दिला नाही, आणि मला मात्र पैसे मोजून बुडबुडा भरून घ्यावा लागला! तो असेपर्यंत विमानात पाऊल ठेवायचं नाही. वर गेलं की तो फुगतो आणि डोळाच निकामी करतो. हे ऐकल्यावर मी त्यांना पहिला प्रश्न काय विचारला असेल? विमान जरा खालून गेलं तर चालेल का. नर्स हसून बाहेर निघून गेली.

मग सात दिवस पालथं पडून राहायचं. खाणं, पिणं, चहा, सगळं मान खाली घालून. मला फक्त फरशी दिसायची. आपल्या फरशीला किती तडे आहेत ते आता मला पाठ आहे. तिसऱ्या दिवशी मी रडायला लागले, तर तुझे भावजी, ज्यांना वाकून चप्पल घालता येत नाही, ते गुपचूप पलंगाशी उताणे आडवे झाले, डोकं माझ्या तोंडाखाली आणून पेपर वाचून दाखवायला लागले. पेपर त्यांच्या नाकावर पडत होता. त्यांना उठवायला मग शेजारच्या दोघांना बोलवावं लागलं. खरं सांगू? लग्नाला एवढी वर्षं झाली, पण इतकं समोरासमोर आम्ही कधी बोललोच नव्हतो. आजारपणाचे दिवस म्हणून आठवावेत असे ते दिवस नव्हतेच मुळी.

उठून बसायला लागल्यावर तिकिटाच्या पैशांच्या मागे लागले. विमान कंपनीने कळवलं, की डॉक्टरांचा मूळ दाखला पाठवा. दाखला माझ्या हातात पडल्याबरोबर मी काय केलं असेल, ओळख! एका डोळ्याला पट्टी असताना दुकानात गेले आणि मस्तपैकी लॅमिनेट करून टाकला. इतका महत्त्वाचा कागद, त्यावर चहाचा थेंब पडला तर? आमच्या घरात तर भावजींच्या हरवलेल्या छत्रीची पावतीसुद्धा प्लास्टिकमध्ये आहे. चार दिवसांनी कंपनीने तो चकचकीत दाखला परत पाठवला. प्रवास कोणत्या तारखेपर्यंत करायचा नाही, ते त्यावर लिहिलेलं नव्हतं. त्याच कागदावर डॉक्टरांकडून तारीख, सही आणि शिक्का घ्या, म्हणे. अगं, प्लास्टिकवर शिक्का बसतो का? डॉक्टरीणबाईंनी बिचाऱ्यांनी प्रयत्न केला. शिक्का अर्धा टेबलावर उमटला, अर्धा त्यांच्या बाहीवर.

दवाखान्यातला कारकून म्हणाला, पहिला दाखला हरवला असा अर्ज द्या, लगेच दुसरा देतो. सोपं काम होतं. मी पेनही हातात घेतलं, आणि मला ते लिहवेना. हरवला कुठे, माझ्या पर्समध्ये आरशासारखा चमकत होता! भावजी कानाशी लागले, की अगं लिही, कोण बघतंय, एक ओळ तर आहे. कारकून कपाळावर हात मारून बसला. मी मात्र अडूनच बसले, की हरवला असं लिहिणार नाही म्हणजे नाही. भावजी चिडून व्हरांड्यात निघून गेले. एवढी हरिश्चंद्राची नात मी कधीपासून झाले, असं त्यांनी जाता जाता विचारलंच. शेवटी मीच अर्ज लिहिला, की दाखला माझ्याच मूर्खपणाने प्लास्टिकमध्ये बंद झाला असून तो उघडता येत नाही, तरी दुसरा मिळावा. कारकुनाने तो मोठ्याने वाचला. सगळी रांग हसली आणि मीही हसले. पण दाखला मिळाला, आणि खरं लिहून मिळाला.

आता बुडबुडा गेला. रोज सकाळी तो थोडा थोडा लहान व्हायचा, शेवटी वाटाण्याएवढा उरला आणि एका सकाळी नव्हताच. दुकानाची पाटी मला दोन्ही डोळ्यांनी दिसली, तेव्हा मी रस्त्यात उभी राहून ती मोठ्याने वाचली. दृष्टी पूर्वीसारखी नाही, पण भरपूर आहे. मी खुशीत आहे गं. फक्त एक गोष्ट मनाला लागून राहिलीये, आणि तिच्यासाठीच हे एवढं मोठं पत्र लिहायला घेतलं.

पाच वर्षांपूर्वी तुझ्या बेकरीच्या उद्घाटनाला मी आले नाही, तेव्हा माझी कंबर ठणठणीत होती. तू बरोबर ओळखलं होतंस. ओळखीच्या डॉक्टरांकडून खोटा दाखला घेतला, आणि याच कंपनीने आठवड्याच्या आत सगळे पैसे परत केले. तुला हे जमणार नाही, दोन महिन्यांत कुलूप लागेल, असं मी तुला चारचौघांत म्हणाले होते ना? तुझ्या दुकानासमोर रांग लागलेली बघायला मला तोंड नव्हतं. मला लाज वाटत होती, आणि थोडी असूयाही, तीही लिहून टाकते. चुकलं माझं. या वेळचे पैसे परवा जमा झाले, आणि त्यातून मी पुढच्या महिन्याच्या बारा तारखेचं तिकीट काढलं. तिकीट काढून देणाऱ्या बाईंनी सांगितलं, थोडे जास्त भरलेत तर रद्द केल्यावर पैसे परत मिळतील, साध्या तिकिटाची मात्र डॉक्टरांचा दाखला दिला तरी दमडीही परत नाही. मी साधं घेतलं. त्या म्हणाल्या, अहो, तब्येतीचं काही सांगता येतं का, विचार करा. मी म्हटलं, बाई, माझ्या तब्येतीचा मला भरवसा आहे, स्वभावाचा नाही, म्हणून हेच द्या. तेव्हा तू रागावलेली असलीस तरी मी येतेय. घरात घ्यायचं नसेल तर नको घेऊस, मी तुझ्या बेकरीसमोरच्या रांगेत उभी राहीन, आणि माझा नंबर येईपर्यंत हलणार नाही.

तुझीच,
खोटं बोललेली ताई