माझ्या वाट्याची चिठ्ठी

१ जानेवारी १९९९, शुक्रवार

चर्चमधली नव्या वर्षाची भक्ती आटोपून आलो. ही डायरी पोराच्या, धीरजच्या, मेडिकल स्टोअरमध्ये एका कंपनीवाल्याने दिली होती, मी मागून घेतली. कोणी वाचू नये म्हणून गादीखाली ठेवणार. अक्षर मुद्दाम मोठं काढतो आहे. रेघा इतक्या फिक्या छापल्या आहेत की दिसतच नाहीत. हल्ली छपाईचं काम असंच.

दरवर्षीप्रमाणे पाळकसाहेबांनी वचनाच्या चिठ्ठ्या काढायला लावल्या. पितळी ताटातून प्रत्येकाने एक उचलायची आणि आत लिहिलेलं वर्षभर पाळायचं. बाहेर अंगणात सगळे एकमेकांना चिठ्ठ्या दाखवत होते. मी दाखवली नाही. वचन ही खाजगी बाब आहे. घरी येऊन उन्हात धरली, लांब धरली, नाकाजवळ धरली. शेवटी वाचली.

पाळकासारखे व्हा.

मंडळीत चाळीस घरं. त्यांत बी.ए. झालेले आहेत, मास्तर आहेत. आणि हे वचन चौथी पास, एस.टी.च्या रिटायर ड्रायव्हरच्या हाती. पण गाडी कोणाच्या हातात द्यायची हे वरच्याला कळतं. आर्वी डेपोत अठ्ठावीस वर्षं काढली, एक बकरी माझ्या चाकाखाली आली नाही.

संकल्प: १) काळा कोट. २) आवाज भारदस्त. ३) घरभेटी. ४) पोरखेळ बंद.

३ जानेवारी, रविवार

शास्त्रवाचन माझ्याकडे होतं. छान झालं. पाळकसाहेबांनी (कुंदनसाहेब, वय चौतीस, माझ्या धीरजपेक्षा दोनच वर्षांनी मोठे) नंतर बाजूला घेऊन विचारलं की मधल्या चार ओळी का गाळल्या. मी म्हटलं, एक्सप्रेस गाडी सगळ्या स्टॉपवर थांबत नाही. ते हसले. मग हळूच म्हणाले, "तानबाजी, डोळे दाखवून घ्या ना एकदा."

डोळे कशाला दाखवू? दीड वर्षापूर्वी शिबिरात दाखवले होते. डॉक्टर म्हणाला मोतीबिंदू आहे, अजून पिकला नाही, पिकला की काढू. त्याचाच शब्द मी पाळून राहिलो आहे. पिकू द्यावा. कच्चं कोणी तोडतं का?

आणि वाचायला डोळे लागतातच असं नाही. बायको, मंदाबाई, शनिवारी मला धडा तीनदा वाचून दाखवते (तिचा आवाज चांगला आहे म्हणून), मी पाठ करतो. आर्वी-वर्धा रोडचा खड्डा न् खड्डा मला असाच पाठ होता. धुक्यात सुद्धा गाडी काढली आहे.

९ जानेवारी, शनिवार

कोट मिळाला. धीरजच्या लग्नातला. बटण लागत नाही, पण पाळकाने कोट उघडाच ठेवावा, भारदस्त दिसतं. सूनबाई रीना म्हणाली की हा कोट नाही, तिचा जुना स्वेटर आहे. बाहीला काहीतरी टोचत होतंच. मोती लावले होते म्हणे. खरा कोट तिने काढून दिला.

२३ जानेवारी, शनिवार

पहिली घरभेट. मंडळीतल्या विमलाबाई तापाने आजारी असल्याचं कळलं होतं. दार उघडंच होतं. बाई पलंगावर पांघरूण घेऊन निजलेल्या. त्यांना न उठवता मी पायथ्याशी उभा राहिलो आणि वीस मिनिटं प्रार्थना केली. रोग्यांसाठी, विधवांसाठी, प्रवाशांसाठी. आमेन म्हटलं आणि मागून विमलाबाईंचा आवाज, "भाऊजी, च्या घेता काय? मी केव्हाची उभी आहो."

पलंगावर गाद्या गुंडाळून ठेवल्या होत्या.

बाई बऱ्या झाल्याच होत्या. म्हणजे प्रार्थना पोचली. कोणत्या दिशेने केली याला महत्त्व नाही. चहा चांगला होता.

६ फेब्रुवारी, शनिवार

घरात शिस्त नाही. नात रुचिका, वय सात, दुसरीत, दिवसभर अंगणात. आज धावत आली आणि माझी बाही ओढत ओरडली, "आजोबा, म्हातारी पाहा, म्हातारी! उडून राह्यली!"

मंदाबाई त्याच वेळी दोरीवर कपडे वाळत घालत होती. मी रुचिकाला खडसावलं की आजीला म्हातारी म्हणणं शोभत नाही, आणि उडते म्हणणं तर मुळीच नाही. पोरगी माझ्याकडे पाहत राहिली. म्हणाली, "आजी नाई हो. रुईची म्हातारी. तुमच्या नाकासमोरून गेली."

रुईच्या बोंडातून ते पांढरं मऊ केसांचं बी उडतं ते. आमच्या लहानपणी आम्हीही धरायचो. मला काही दिसली नाही. ऊन डोळ्यांवर होतं. सांगितलं की आजोबांना असल्या गोष्टींना वेळ नाही. तोंड एवढंसं करून गेली.

मंदाबाई म्हणाली, "तुमच्या नाकासमोरून मी जरी उडून गेली तरी तुमाले समजाचं नाई." ही बाई चाळीस वर्षांत कधी सरळ बोलली नाही.

२८ फेब्रुवारी, रविवार

पाळकासारखं होण्यात प्रोग्रेस: कोट दर रविवारी. उपदेश: दूधवाला (ऐकलं), शेजारचे अण्णाजी (किराणा दुकानवाले, हिंदू माणूस, तरी पूर्ण ऐकलं, मध्ये फक्त दोन गिऱ्हाईकं केली). मात्र चिंता कमी होत नाही. पाळकसाहेब कसे शांत असतात. मी रात्रभर विचार करतो की गॅस बंद आहे का, धीरजने गाडीचं हवा-पाणी पाहिलं का, ईस्टरच्या धड्यात ते लांबलचक वाक्य येतं ते श्वासात बसेल का.

ईस्टरचा धडा बावीस वर्षं माझाच आहे. ते पहाटेचं थडगं, दगड बाजूला झालेला. ते वाचलं की वर्ष मार्गी लागतं. बाकी काही मिळालं नाही तरी चालेल.

७ मार्च, रविवार

अन्याय.

भक्तीनंतर पाळकसाहेब घरी आले. चहा घेतला. मग म्हणाले की मागच्या खेपेला मी उघडलेल्या पानावर भजनं होती. मी म्हणे गीतांचं पुस्तक समोर धरून धडा म्हटला. कोणी बोललं नाही, पण पुढच्या दोन ओळींना दिसत होतं. ईस्टरच्या आधी डोळ्याचं काम करून घ्या, नाही तर यंदा एखाद्या लेकराला वाचू देऊ. रुचिका छान वाचते.

माझ्याच घरातली माणसं माझी सीट घेणार.

मी शांत राहिलो (पाळकासारखा). फक्त एवढंच विचारलं की डोळा चिरताना माणूस जागा असतो का. म्हणाले, असतो, पण कळत नाही. जागा असून कळत नाही म्हणजे काय? हे कोणाला पटेल?

ठरवलं: पिकला नाही. विषय संपला.

१९ मार्च, शुक्रवार

आज काय झालं ते लिहितो.

रुचिका ईस्टरचा धडा वाचायची प्रॅक्टिस करत होती, माझ्याच खुर्चीच्या पायाशी बसून. मी ऐकत नव्हतो. अडखळली की तोंडातून शब्द आपोआप जात होता, तेवढंच. पान विसरू नये म्हणून तिने माझ्या शास्त्राच्या पुस्तकातून एक कागद काढला खूण ठेवायला. कागद उलगडला आणि मोठ्याने वाचला.

"बाळकासारखे व्हा."

मी म्हटलं, पाळकासारखे. म्हणाली, बाळकासारखे. मी म्हटलं, आजोबांना शिकवू नकोस. तिने कागद माझ्या मांडीवर ठेवला आणि बोट फिरवून दाखवलं, बाई शाळेत दाखवते तसं. "प वरून उघडा असते. ब वरून बंद असते, अन् त्याच्या पोटात रेघ असते. ही पाहा रेघ."

मला रेघ दिसली नाही. वरून उघडं की बंद, तेही नाही. तिचं बोट दिसलं. बोटाची कड दुधासारखी.

अडीच महिने. कोट. गाद्या. अण्णाजी.

तिने विचारलं, "काऊन रडून राह्यले, आजोबा?" मी म्हटलं रडत नाही. मग का कोण जाणे, खरं सांगितलं. म्हटलं, मला डोळा कापायची भीती वाटते.

ती हसली नाही. म्हणाली, "मलेही सुईची वाटते. मंग मी आईले म्हणतो हात धर. ते धरते. तुम्ही म्हणा ना कोणाले."

एवढं सोपं असेल असं मला कोणी सांगितलं नव्हतं. बावीस वर्षं धडे वाचले, कुठे सापडलं नाही. कदाचित जानेवारीत गाळलेल्या त्याच चार ओळींत असेल.

धीरजला म्हटलं, दवाखान्यात नंबर लाव. त्याने तारीख लावूनच ठेवली होती, जानेवारीपासून.

२५ मार्च, गुरुवार

उजव्या डोळ्याचं झालं. लिहायला बंदी आहे, दोन ओळी लिहितो. टेबलावर नेताना नर्सला म्हटलं, बाई, जरा हात धरजो. तिने धरला. अठ्ठावीस वर्षं स्टेअरिंग धरलं, कोणाला हात धर म्हटलं नव्हतं. लाज वाटली नाही. तिचा हात थंड होता, लोणच्याच्या बरणीसारखा.

२६ मार्च, शुक्रवार

पट्टी काढली.

भिंत निळी आहे. धीरजला मिशीत दोन पांढरे केस आहेत. मंदाबाईचं सगळंच डोकं पांढरं आहे. मी विचारलं, हे कधी झालं? म्हणाली, "तीन साल झाले. तुमाले सांगाचं राहून गेलं."

घरी येताना पिपरीच्या वळणापासून रिक्षात बसूनच पाट्या मोठ्याने वाचत आलो. पंक्चर काढून मिळेल. दळण. येथे फ्रिज दुरुस्त होतात. रिक्षावाला मागे वळून पाहत होता. बाळकासारखे व्हा म्हणजे हेच असावं. भीती गेली. सगळं नवं. आता मी कशालाच घाबरणार नाही, असं ठरवलं आहे.

४ एप्रिल, ईस्टर

चाळीस दिवस वाचायला मनाई, म्हणून धडा रुचिकाने वाचला. मी पहिल्या ओळीत, काळा चष्मा लावून. लांबलचक वाक्याशी ती थांबली, श्वास घेतला, पुन्हा सुरू केलं. श्वास घेता येतो हे मला सुचलंच नव्हतं. मागच्या वर्षी मी या धड्यातल्याही चार ओळी गाळल्या होत्या, त्या तिने गाळल्या नाहीत. चांगल्या आहेत.

पाळकसाहेबांच्या कोटाची बाही झिजलेली आहे. बिचारा तरुण माणूस.

बाहेर अंगणात म्हातारी उडत होती. मी आधी पाहिली, रुचिकाच्याही आधी. मागे धावलो. कुंपणापाशी धरली. मंदाबाई ओरडत होती की डॉक्टरने धावू नका सांगितलं आहे. विमलाबाई हसत होत्या. हसू द्या. मुठीत काही वजनच लागत नाही. उघडली तर नुसती पांढरी मिशी आणि खाली तपकिरी दाणा. परत सोडून दिली.

८ जून, मंगळवार

नवा चष्मा मिळाला. डायरीच्या रेघा निळ्या आहेत, चांगल्या ठळक. जानेवारीचं पान पाहिलं, माझ्या ओळी त्यांना तिरप्या कापत गेल्या आहेत, घाटात ब्रेक फेल झाल्यासारख्या.

धीरज म्हणाला, डाव्या डोळ्याची तारीख १५ जून मिळाली आहे.

मी म्हटलं, बरं.

१३ जून, रविवार

उजवा डोळा झाकून डाव्याने पाहून घेतलं. कॅलेंडर दिसतं. आकडे दिसत नाहीत, पण कॅलेंडर आहे हे दिसतं. याचा अर्थ डावा अजून पुरता पिकलेला नाही. घाई करून बिघडवण्यात अर्थ नाही. शिवाय पावसाळ्यात जखम चिघळते असं अण्णाजी म्हणाले (म्हणजे मी म्हटलं, त्यांनी मान हलवली). एक डोळा बाळकासारखा झाला आहे, दुसरा पुढच्या वर्षी होईल. हा घाबरण्याचा प्रश्न नाही. विचारपूर्वक निर्णय आहे. उद्या धीरजला सांगणार.

१४ जून, सोमवार, सकाळी

डायरी काढली तर कालच्या मजकुराखाली पेन्सिलीने काही लिहिलेलं. अक्षर गोल, रेघेवर.

"पिकला आहे. डॉक्टर बोलले. मी पन येते. घावरू नका."

म्हणजे पोरगी हे सगळं वाचत होती. केव्हापासून कोण जाणे. स्वेटरसुद्धा.

पानाकडे पाहत बसलो. "पण" चुकलं आहे, ते राहू दिलं. "घाबरू"मधल्या ब च्या पोटात रेघ द्यायची विसरली आहे. ती मी माझ्या पेनने दिली.