कागदावर सोळा

२७ जुलै २००६, कोल्हापूर

यादी लागली! वीस जणींत माझं नाव बारावं. आमच्या खेळाच्या विजयसिंह सरांनी शाळेच्या ऑफिसात आलेला फॅक्स तीनदा वाचला आणि चौथ्यांदा मला मोठ्यानं वाचायला लावला. 'भारत, सतरा वर्षांखालील मुली. अक्षता बाबासो कुरणे, स्टॉपर.' सर म्हणाले, "आता रडायचं न्हाय. रडायचंच आसंल तर मैदानाला दोन चकरा मारून ये जा." मी चार मारल्या.

स्पर्धा मलेशियात. पाच तारखेला दिल्लीत हजर व्हायचं, मग विमान. संध्याकाळी बाबा फौंड्रीतून आले, हातपाय धुतले, चहा घेतला, आणि मग एकच विचारलं — "इमानात बसणार व्हय तू?" भारताचं काही नाही, फुटबॉलचं काही नाही, फक्त विमान!

या गावात फुटबॉलसाठी पोरं एकमेकांची डोकी फोडतात. पण आम्हा मुलींना गांधी मैदान मिळायचं ते सकाळी साडेसहापर्यंत. मुलं आली की आम्ही बॉल उचलून कडेला. तेवढा तास मिळवायलासुद्धा सरांना दोन वर्षं भांडावं लागलं. आज त्यांनी स्टाफरूममध्ये पेढे वाटले.

३० जुलै

नदी चढली आहे. राजाराम बंधारा कधीच पाण्याखाली गेला. सिद्धार्थनगरच्या खालच्या गल्लीत पाणी शिरलं म्हणून दुपारी आम्ही गाद्या, शेगडी, बाबासाहेबांचा फोटो असं सगळं माळ्यावर टाकलं. माझी पासपोर्टची पिशवी आईनं आधी वर ठेवली.

शेजारच्या चिमणाबाई येऊन बसल्या. दोघींना जुना पूर आठवला. आई म्हणाली, "ह्ये काय पाणी हाय व्हय? एकोणनव्वदला दारात नाव आलती. ही तीन म्हैन्यांची हुती. हिच्या बाबानं हिला बुट्टीत घातली, बुट्टी डोक्यावर घेतली आन् छातीएवढ्या पाण्यातनं चालत गेलं की! ही आपली झोपलेली." चिमणाबाई हसून हसून बेजार. मीही हसले.

मग हसता हसता थांबले. एकोणनव्वदच्या पुरात मी तीन महिन्यांची कशी? माझा जन्म १ जून १९९०.

३१ जुलै

बोटांवर मोजलं. कागदावर मोजलं. कॅलेंडरच्या पाठीवर मोजलं. पूर बदलत नाही.

१ ऑगस्ट

आज आईला विचारलंच. बाबा कामावर होते. ती भाकरी थापत होती, थापता थापताच सांगितलं — अगदी मीठ संपलंय सांगावं तसं. "जयंतीच्या दुसऱ्या दिवशी झालीस तू. पंधरा एप्रिल, एकोणनव्वद. शाळंत घालताना तुझ्या बाबानीच गुर्जीला सांगितलं, एक वरीस कमी लावा म्हनून. गुर्जीनी एक जून टाकली. समद्यांचीच एक जून असत्या की!"

असतेच. आमच्या वर्गात बेचाळीस जणांतले एकोणीस एक जूनचे. सुट्टीतला वाढदिवस, चॉकलेट वाटायचा खर्च नाही. पण ते सगळे तारखेनं खोटे. मी वर्षानंसुद्धा खोटी!

का, तर बाबांची एस्टीतली भरती हुकली होती. परीक्षा पास, गाडी चालवून दाखवली, सगळं झालं आणि वय तीन महिन्यांनी जास्त निघालं. तिथून जे फौंड्रीत गेले ते आजपर्यंत. आई म्हणाली, "पोरीचं तसं व्हायला नको म्हनलं त्यांनी. नोकरीला वय बी पुरंल आन् रिटायर बी एक वरीस उशिरा हुईल." मी मोजलं. मी रिटायर होणार २०४८ साली! पहिलीत बसायच्या आधीच बाबांनी माझं पेन्शन बघून ठेवलं होतं. मला हसू आलं आणि नंतर फार रडू आलं.

स्पर्धेचा नियम मला तोंडपाठ आहे. जन्म १ जानेवारी १९९० किंवा त्यानंतरचा. म्हणजे मी साडेआठ महिन्यांनी बाहेर. वर्गात सगळ्यात उंच म्हणून मी कायम शेवटच्या बाकावर, आणि त्याचा केवढा तोरा होता मला.

आईला हे सांगितलं. तिचा हात परातीतच थांबला. म्हणाली, "बाबांना बोलू नको गं. त्यांच्या जिवाला लागंल."

२ ऑगस्ट

थोरल्या भावाला, संघर्षदादाला सांगितलं. तो सायकलची चेन घालत होता. "मग? पेठेच्या टीममधी अंडर फोर्टीनला मिशा असलेली पोरं खेळत्यात. तू तर काय केलंच न्हाईस. गप बस की!"

हे खरंच आहे, मी काही केलं नाही. हेच दिवसभर स्वतःला सांगितलं. पण परवापर्यंत मला माहीत नव्हतं आणि आता माहीत आहे. ते परत न माहीत असल्यासारखं कसं करायचं?

३ ऑगस्ट

सरांना सांगायचं ठरवून त्यांच्या घरी गेले. दारातच त्यांनी पेपरवाल्याशी ओळख करून दिली. फोटो निघाला — मी, सर, मध्ये बॉल. वहिनींनी पोहे दिले. निघताना सरांनी नडगीला बांधायचे नवे शिनगार्ड दिले, पिशवीत घालून. म्हणाले, "कोल्हापूरची पैली पोरगी हाईस तू. तुझ्यामागनं किती येतील बघ."

सांगायला गेले होते, शिनगार्ड घेऊन आले. भित्री!

६ ऑगस्ट, दिल्ली

वय ताडून बघायला मनगटाचा एक्स-रे काढला सगळ्यांचा. डॉक्टरांनी माझी फिल्म खिडकीशी धरली, दोन मिनिटं बघितली आणि म्हणाले, "ठीक है." हाडं पण बाबांच्या बाजूनं!

मग फॉर्म. इंग्रजीत होता, मॅनेजरनी हिंदीत वाचून दाखवला — जन्मतारीख मुद्दाम खोटी सांगितली असेल तर दोन वर्षं कुठल्याही संघात घेणार नाहीत. सगळ्या जणी भराभर सह्या करत होत्या. मीही केली. माझी सही नेहमी वाकडी येते, आज चांगली सरळ आली.

खोलीत माझ्याबरोबर सुकांती आहे. ओडिशाची, तीही स्टॉपर, बचावात मधोमध खेळणारी. म्हणजे मी बसले तरच ती खेळणार, नाहीतर नाही. तरी माझ्याशी फार चांगली वागते. तिच्याकडे दवाखान्याचा जन्माचा दाखला आहे, त्यावर वेळसुद्धा आहे. पहाटे चार दहा! कुणाला आपण किती वाजता जन्मलो हे ठाऊक असतं आणि मला वर्ष ठाऊक नव्हतं.

११ ऑगस्ट, क्वालालंपूर

राष्ट्रगीत झालं. मी पाच नंबर. निळा शर्ट. थायलंडनं तीन गोल मारले. पहिला माझ्या चुकीनं. तरी रडले नाही. मॅडम, म्हणजे आमच्या कोच, म्हणाल्या, पुढच्या दोन मॅच आपल्या आहेत.

सुकांतीनं बसून नव्वद मिनिटं ओरडून ओरडून घसा बसवून घेतला. संध्याकाळी मीठपाण्याच्या गुळण्या करत होती. मी तिला ग्लास आणून दिला आणि तिच्याकडे बघितलं नाही.

१३ ऑगस्ट

जिंकलो!! हाँगकाँगला दोन-शून्य!

एक गोल माझा, कॉर्नरवर डोक्यानं. सगळ्या माझ्या अंगावर. मी पार खाली, श्वास घुसमटलेला आणि तोंडात गवत. इतका आनंद मला आजवर कधी झाला नव्हता, हे खरं ते लिहिते.

नंतरचं पण लिहिते. त्यांची सात नंबरची पोरगी एवढीशी, दातांना तार. चारदा माझ्याकडे बॉल घेऊन आली आणि चारही वेळा माझ्या खांद्याला लागून पडली. फाऊल नव्हता, पंचांनी शिट्टीसुद्धा वाजवली नाही. चौथ्यांदा मी तिला हात देऊन उठवलं तर ती 'थँक यू' म्हणाली. तेव्हापासून एकच विचार चालू आहे. तिला मी पाडलं की साडेआठ महिन्यांनी पाडलं? गांधी मैदानात पहाटे केलेली मेहनत किती आणि बाबांनी दिलेलं वर्ष किती, हे वेगळं कसं काढणार? दूध-पाणी एकदा मिसळलं की झालं.

१४ ऑगस्ट

कार्ड घालून दादाच्या मोबाइलवर फोन केला. आई बोलली, मग बाबा. ते फोनवर ओरडून बोलतात, मलेशिया लांब आहे म्हणून!

"पेपरात फोटू आलाय. जेवनाच्या सुट्टीत समद्या फौंड्रीनं बघितला." मग म्हणाले, "त्यात लिवलंय, सतरा वर्षांखालील. मला वाटायचं ते टीमचं नाव हाय, अ गट, ब गट असतंय तसं. त्ये खरंच वयाचं असतंय व्हय?"

मी म्हटलं, "असतं काहीतरी तसं. तुम्ही जेवला का?"

बाबा म्हणाले, "हं." जेवले का नाही ते सांगितलंच नाही. मी उगाच इथल्या पावसाचं बोलत राहिले. कार्ड संपलं.

मी गप्प का आहे ते आज नीट विचार करून बघितलं. पहिलं, मला खेळायचंय. दुसरं, बाबांवर येऊ नये. रोज मी दुसरं कारण पुढं करते आणि पहिलं त्याच्या मागं लपवते. खरं तर पहिलंच मोठं आहे.

१५ ऑगस्ट

सकाळी हॉटेलच्या मागच्या अंगणात झेंडावंदन. आम्ही वीस जणी, मॅडम, मॅनेजर आणि बघत उभा राहिलेला माळी. सगळ्या खड्या आवाजात म्हणत होत्या. मी नुसते ओठ हलवत होते. सुकांतीला वाटलं मला घर आठवलं. तिनं हात धरला.

दुपारी मॅडमच्या खोलीशी गेले. दार उघडंच होतं. त्या शर्टाचा उसवलेला नंबर शिवत बसल्या होत्या. वर न बघता म्हणाल्या, "बोलो अक्षता." मी म्हटलं, घोट्याला बांधायला पट्टी हवी. त्यांनी पट्टी दिली. दुसऱ्यांदा असं झालं! लोकांकडे खरं सांगायला जाते आणि काहीतरी घेऊन परत येते.

उद्या चार वाजता फिलिपिन्सबरोबर. बरोबरी झाली तरी पुढच्या फेरीत. मॅडमनी अकरा जणींची नावं वाचली. मी आहे. सुकांती नाही. ती माझे बूट पुसत बसली होती, मी म्हटलं, ठेव ते. जरा जोरातच म्हटलं. ती दचकली.

१६ ऑगस्ट

नाश्त्याच्या आधी मॅडमनी बोलावलं. काल संध्याकाळी बाबा विजयसिंह सरांच्या घरी गेले होते. 'वर्ष मी कमी लावलंय. पोरीला त्यातलं काय बी ठाऊक न्हाय' — असं त्यांनी सरांना सांगितलं, लिहूनही दिलं. सरांनी सकाळीच मॅडमना फोन केला.

मॅडम म्हणाल्या, आज तू बाहेर बसायचं, सुकांती खेळेल. आधीच्या दोन मॅचचं मी बघते. तू घाबरू नको, तुझ्यावर काही येणार नाही. तुला कुठं माहीत होतं?

मी म्हटलं, मला माहीत होतं.