पर्सीचे मोजे

बॅलरॅट, १२ जून १९९१

चि. सौ. थेल्मास, ताईचे अ. उ. आ.

तुझं पत्र पोचलं. तिकडे टाउन्सव्हिलला भर हिवाळ्यात पंखा लावून बसलीस म्हणे. जळव मला! इथे सकाळी कुंपणावर दव गोठलेलं असतं आणि नळाला पाणी येईल की बर्फ, याचा नेम नसतो.

मार्लीनने पुन्हा भुणभुण लावली आहे. घरातल्या बोळातल्या कपाटातला गॅसचा हीटर तेवीस वर्षांचा झाला, तो काढून नवा बसवायचाच, असं तिचं म्हणणं. लेक आहे की सरकारी नोटीस! अगं, त्या कपाटाचं दार पर्सीने स्वतः रंधा मारून बसवलंय. तू पहिल्यांदा आलीस तेव्हा जमिनीतल्या जाळीवर उभी राहिलीस, खालून येणाऱ्या हीटरच्या गरम वाऱ्याने तुझा झगा फुगला, आणि हा गडी हसून हसून खुर्चीवरून पडायचाच बाकी होता. तो जाऊन सात महिने झाले. आता ते सगळं भंगारात घालू?

राणीच्या वाढदिवसाच्या सुट्टीत भिंतीतले झरोके बुजवले. आई वर्तमानपत्रं कोंबायची, मी पर्सीचे लोकरी मोजे कोंबते. शिडीवर चढून, हो, चौऱ्याहत्तराव्या वर्षी! मोजे आत आणि वर जाळी. दरवर्षी बुजवते, तरी कुठून तरी गार झुळूक यायचीच. यंदा मात्र वाऱ्याची काय बिशाद! इतकी छान ऊब या घरात कधी नव्हती.

दुपारी सूप उकळत ठेवते, चुलीवरचा वाफ बाहेर फेकणारा पंखा घरघरत असतो, आणि मी पर्सीच्या खुर्चीत बसून जाळीवर पाय सोडते. डोळे मिटायला लागतात. मग थेल्मा, तो येतो. हसू नकोस. बोळातून पावलं वाजतात, तंबाखूचा वास येतो. आमची मांजर बिडी मात्र रुसून लाकडांच्या खोपटात राहायला गेली आहे. मांजराची जात, दुसरं काय.

तर काढू की ठेवू? तू सांगशील ते करीन.

तुझ्या मर्व्हना माझी आठवण सांग. माया पातळ करू नकोस.

तुझी ताई,
एनिड


टाउन्सव्हिल, २० जून १९९१

ती. ताईस, थेल्माचा सा. न. वि. वि.

त्या झग्याची गोष्ट तू मरेपर्यंत सांगत राहणार, हे मी केव्हाच मान्य केलंय. भावोजी आलेच आहेत, तर माझी कात्री कुठे ठेवली ते विचार. पंचाऐंशी सालापासून सापडत नाही.

थट्टा राहू दे. पत्र वाचून मला रडू आलं. त्यांच्या जाण्यानंतर तुझ्या पत्रात हसू पहिल्यांदाच दिसलं. ठेव तो हीटर. एवढं सुख देतोय तर कशाला हलवायचा? मार्लीनलाही मी फोनवर चांगलं दटावलं, की आईला जरा तिच्या मनासारखं जगू दे.

तब्येत सांभाळ. बिडीला सार्डिन मासळी दाखव, येईल मुकाट्याने.

आशीर्वादाचा हात डोक्यावर असू दे.

तुझी,
थेल्मा


बॅलरॅट, २९ जून १९९१

चि. थेल्मा, आशीर्वाद.

ठरलं. हीटर ठेवणार. गुरुवारी कारागीर आला होता, त्याला दारातूनच वाटेला लावला. मार्लीन रागावली आहे. रागावू दे.

अक्षराला हसू नकोस, हात जरा जड झालाय. डोकं ठणकतं. गंमत म्हणजे रविवारी चर्चमध्ये गेले की थांबतं, घरी आले की पुन्हा सुरू. गोळ्या घेते. गालांवर मात्र लाली आली आहे, शेजारच्या ग्लॅडिसने विचारलं की लग्नबिग्न करतेस की काय!

पर्सी आता रोज येतो. जेवण झालं की येतोच. कालची बटाट्यांची कढई जळून कोळसा झाली, मला कळलंच नाही, कारण तो बोलत होता. काय बोलतो ते नंतर आठवत नाही, पण इतकं गोड बोलतो गं. सगळं घर मऊ होतं, भिंती दुलईसारख्या वाटतात. बिडी अजून बाहेरच आहे. सार्डिन दाखवली, उंबऱ्यापर्यंत आली आणि परत फिरली. पर्सी आता रोज येतो. हे लिहिलं का मी?

माया असू दे.

ताई


टाउन्सव्हिल, ५ जुलै १९९१

ती. ताई, सा. न.

दवाखान्यात तुला जेली आवडली नाही आणि तू मला शिव्या घालते आहेस, असं मार्लीनकडून कळलं. खूप बरं वाटलं. घाल, पोटभर घाल.

तुझं पत्र मी मर्व्हला कौतुकाने वाचून दाखवत होते. तीस वर्षं खाणीत काढलेला माणूस तो. त्याने पुन्हा वाचायला लावलं आणि एकच विचारलं, की मांजर आत का येत नाही. मग रविवारचं डोकं कसं थांबतं, तेही. त्याचा चेहरा उतरला, म्हणाला, खाणीत वायू भरला की असंच होतं. मी तुला फोन लावला. तू उचललास, पर्सी बोलतोय, मधे येऊ नकोस, म्हणालीस, आणि मग काहीच ऐकू येईना. मी लगेच ग्लॅडिसला फोन केला. ग्लॅडिसने फावड्याने दाराची काच फोडली नसती तर, ताई, पुढचं मला लिहवत नाही.

हीटर आतून तडकला होता, त्याचा विषारी वायू घरात भरत होता. त्याला वास नसतो म्हणे. चुलीचा पंखा घरातली हवा बाहेर फेकून तो आणखी आत ओढत होता, आणि ताजी हवा आत यायची वाट होती ते झरोके तू बुजवले होतेस. आईच्या घरात मोठं धुराडं होतं, म्हणून तिचं खपून गेलं. पण तू मला विचारलं होतंस, आणि ठेव असं मीच लिहिलं. हे मला कसं सोसवेल?

रागाव, पण उत्तर पाठव.

तुझी,
थेल्मा


बॅलरॅट, २८ जुलै १९९१

चि. सौ. थेल्मास, ताईचे अनेक आशीर्वाद.

तीन आठवडे उत्तर दिलं नाही, कारण रागावले होते. तुझ्या सल्ल्यावर नाही, वेडे. फोनवर. तू मला त्याच्यापासून ओढून काढलंस म्हणून.

नवा हीटर बसला, घराबाहेर, भिंतीला टेकून. मुकाट काम करतो. झरोके उघडे, मानेला गार वारा लागतो. आणि दुपारी कोणी येत नाही. मी खुर्चीत बसून खूप वाट पाहिली.

जुना हीटर नेताना कारागिराला कपाटाचं दारही काढावं लागलं. मी म्हटलं, दार इथेच ठेव. ते उलटं करून भिंतीला टेकवलं, तर आतल्या बाजूला पर्सीचं पेन्सिलीचं अक्षर. १९६८, मोजे काढले. १९६९, मोजे काढले, एनिडला सांगू नये. १९७०, मोजे काढले. अशा नव्वद सालापर्यंत तेवीस ओळी. सुट्टी संपली की हीटर तपासायचाय म्हणून मला बाजाराला पिटाळायचा, आठवतं? मी बुजवायची आणि हा लबाड माझ्यामागे उघडायचा! वसंतात शिडीवर चढून मोजे काढून आणल्याचं सोंगही तोच करायचा. म्हणून मला कधी कळलं नाही. तेवीस वर्षं मी त्या गार झुळकेला नावं ठेवली.

खूप रडले. मग लक्षात आलं, दुपारी यायचा तो इतकं गोड बोलला, पण मोज्यांचं नाव त्याने एकदाही काढलं नाही. माझा पर्सी असता तर आल्या आल्या आधी शिडी मागितली असती.

बिडी आता त्याच्या खुर्चीत झोपते. मी शेजारी स्टूल घेते. दार बोळातच ठेवलंय, आणि काल पेन्सिल शोधून शेवटच्या ओळीखाली माझ्या हाताने लिहिलं. १९९१, मोजे काढले.

तू आणि मर्व्ह वसंतात या. माया आहे तशीच ठेव, थोडी वाढली तरी चालेल.

तुझी ताई,
एनिड