अजून दोन महिने राहू दे

४ मार्च

डाळ करपली. मी शेजारीच भाजी चिरत उभी — आणि मला पत्ता नाही! अनुश्री वरच्या मजल्यावरून धावत आली. "मम्मी जी, आप बैठिए, मैं देखती हूँ." बसा म्हणे! सून इथल्याच हिंदी घरातली, वाईट नाही, पण चाळीस वर्षं जिथे मी राबले त्या स्वयंपाकघरातून मला दंडाला धरून बाहेर काढलं.

काल डॉक्टरही म्हणाले, "दो साल हो गए, अब नाक की उम्मीद मत रखिए." दोन वर्षांपूर्वीच्या तापात गेलेला वास आता परत यायचा नाही. बरं. रडून झालं. एकदाच.

७ मार्च

ठरलं! वाईन करायची. बाजारात काळी द्राक्षं आली आहेत. यात नाकाचं काम नाही, धीराचं आहे, आणि धीर माझ्याकडे रगड! रेल्वेच्या ऑफिसात एकतीस वर्षं साहेबांच्या सह्यांची वाट बघितली आहे मी.

आठ किलो द्राक्षं हातांनी कुस्करली, साखर आणि यीस्ट घालून, घासून लख्ख केलेल्या जुन्या प्लास्टिकच्या बरणीत भरली, वर फडकं बांधलं. कोपरापर्यंत जांभळी झाले. अनंतराव दारात उभे — "आता ह्या वयात दारू गाळून राहिली का तू?" मी सांगून टाकलं, डिसेंबरात आपल्या लग्नाला चाळीस वर्षं होतात, तेव्हा सगळ्यांना हीच पाजणार. नवऱ्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

१२ मार्च

बरणीला कान लावला. चुरचुरते आहे! कान शाबूत आहेत, डोळे आहेत, जीभ आंबट-गोड ओळखते. नाकावाचून काय अडलंय?

२ एप्रिल

गाळून सहा बाटल्या भरल्या, शिवाय चाखायला एक छोटी. रंग काय आलाय! खिडकीत धरली तर डाळिंबाच्या दाण्यासारखी लालबुंद.

अनंतरावांना चमचाभर दिली. आधी तांब्याभर पाणी प्यायले. मग म्हणाले, "फस्टक्लास! पण कच्ची आहे. अजून दोन महिने राहू दे." मी घेतली — आंबट, जराशी तुरट. खरंच कच्ची असणार. या माणसाला एवढी समज आहे हे आज कळलं.

२१ मे

पारा पंचेचाळीसच्या वर गेला. बाटल्या ओल्या पोत्यात गुंडाळून कूलरसमोर ठेवल्या. पराग सिलतऱ्याच्या कारखान्यातून तापून आला तर त्याच्या जागेवर वाईन! "आई, मी पोट्टा आहे तुझा, मले बी हवा लागू दे न." दिली जागा. पण बाटल्या हलवल्या नाहीत.

१० जून

आज परागने चाखली. "मस्त! पण घाई काहून करून राहिली? अजून दोन महिने राहू दे." बाप-लेकाचं एकमत! या घरात हे पहिल्यांदाच घडलं.

१८ ऑगस्ट

अनुश्रीची पाळी. "बहुत बढ़िया, मम्मी जी! बस, दो महीने और रखते हैं ना." सुनेलाही पारख आहे!

२५ ऑक्टोबर

भांडण. अनंतराव म्हणतात, डिसेंबरात नको, पुढल्या वर्षी काढू. "लोक पाच-पाच वर्षं ठेवतात." पाच वर्षं! तेव्हा आपण असू का? शेवटी पुटपुटले — "चार लोकांत तुझं हसं नको व्हायला, इतकंच." हसं? मग फस्टक्लास कशाला म्हणत होतात? पेपर उघडून बसले.

त्यांना कळत नाही. त्या डाळीपासून या घरात माझ्या हातचं कोणी मागून खाल्लेलं नाही. जो तो आधी वास घेतो, मग घास घेतो. मला दिसतं ते. मला एकदा — फक्त एकदा — माझ्या हातचं कोणीतरी बिनधास्त तोंडाला लावायला हवं आहे.

९ डिसेंबर

जिंकले!!

लग्नाच्या वाढदिवसाला पाच बाटल्या संपल्या. मी स्वतः ओतली, स्वतः फिरवली. एकानेही ग्लास हुंगला नाही! अनंतरावांनी सगळ्यांच्या आधी उचलला आणि एका दमात रिकामा केला. अमरावतीच्या वनमालाताई — माझी नणंद, ज्यांनी चाळीस वर्षांत माझ्या वरणालाही बरं म्हटलं नाही — घोट घेऊन डोळ्यांत पाणी आणून म्हणाल्या, "वहिनी, असं कधी प्यायले नव्हते हो." मी तर हवेतच आहे. उद्या स्वयंपाक मी करणार, सांगून टाकलंय.

१४ डिसेंबर

दुपारी उरलेली बाटली उघडली. ग्लास तोंडाशी नेला, आणि नाकात काहीतरी शिरलं. हिंग!! हिंग, मोहरी, मेथी! द्राक्षं मी लोणच्याच्या बरणीत आंबवली होती ना! घासून लख्ख केली होती, पण वास गेला की नाही ते मला कोण सांगणार! धावत जाऊन हिंगाची डबी उघडली. तोच. चहाची पत्ती — आली. साबण — आला. फरशीवर बसून हसले, मग रडले, मग पुन्हा हसले.

नऊ महिने! सगळेच्या सगळे मला "मस्त" म्हणत राहिले!

अनंतरावांना हाक मारली, ग्लास पुढे केला. प्यायले, डोळे मिटून म्हणाले, "फस्टक्लास." मी त्यांच्या शर्टात नाक खुपसलं. घाम आणि खोबरेल तेल.