इत्सेलचा काळा घेवडा

३ डिसेंबर, मंगळवार

आले! आठ महिन्यांपूर्वी दुबईत सह्या करून लग्न उरकलं, आम्हाला फोनवर कळवलं, आणि आज चिरंजीव दत्तप्रसाद मेक्सिकोची बायको घेऊन इथे आखातात, झिंजच्या आमच्या फ्लॅटच्या दारात उभे. इत्सेल नाव म्हणे.

तरी मी रीत सोडली नाही. उंबऱ्यावर तांदळाचं माप ठेवलं. सून पायाने लवंडेल तर शपथ! वाकली, माप दोन्ही हातांनी उचललं आणि सरळ माझ्या स्वयंपाकघरात नेऊन फळीवर ठेवलं. दत्तू हसतोय! "आई, ती धान्याला पाय नाही लावणार." मग आधी सांगायला काय झालं होतं?

४ डिसेंबर, बुधवार

शनिवारी सूनबाई स्वयंपाक करणार. काय, तर कडधान्य. लहानशी कापडी पिशवी आणलीय, आत काळ्या घेवड्याचे दाणे. जसं काही या घरात कडधान्य कधी शिजलंच नाही! आणि भिजवायचं नाही म्हणे. निवडायचं, धुवायचं, मातीच्या भांड्यात कांदा-लसूण घालून तीन तास मंद आचेवर ठेवायचं. मीठ शेवटी. फोडणी नाही. कुकर नाही! न भिजवता खाऊन आम्ही काय पोट धरून बसायचं?

वालाचं बिरडं करता करता माझे केस पांढरे झाले. मला कोण शिकवणार? संध्याकाळी दोघं फिरायला गेल्यावर सगळी पिशवी पाण्यात ओतली.

५ डिसेंबर, गुरुवार

उपसून फडक्यात बांधलं. हवेत गारवा आहे, म्हणून गाठोडं टॉवेलात गुंडाळून ठेवलं. बघू दे तिला, आमच्यात कसं करतात ते.

७ डिसेंबर, शनिवार

काय मोड आले होते! एकसारखे, पांढरेशुभ्र. मी हौसेने फडकं तिच्यासमोर उघडलं. तिने बघितलं, तोंडावर हात ठेवला आणि खोलीत जाऊन दार लावलं. दत्तू माझ्यावर ओरडला — "तुला कोणी हात लावायला सांगितलेलं?" माझ्यावर! मूठभर दाण्यांसाठी! दुकानात ढिगाने मिळतात. त्याने जाऊन पाकीट आणलंही. तिने ढुंकून पाहिलं नाही. मी मोडाचं गाठोडं फ्रिजमध्ये ढकललं. कोणी जेवलं नाही.

८ डिसेंबर

हे सलमाबादच्या वर्कशॉपवरून आले आणि म्हणतात, "जावंदे गो, मालू." का जावंदे?

९ डिसेंबर, सोमवार

आज दत्तूने सांगितलं. ते दाणे तिच्या आईच्या शेतातले. दरवर्षी बी राखायचं, पुन्हा पेरायचं. लेक परदेशी निघाली तेव्हा आईने पिशवी हातात दिली — सासूच्या घरी पहिल्यांदा रांधशील ते हे. आणि ती आई यंदा गणपतीच्या दिवसांत गेली. व्हिसा अडकला, हिला शेवटचं तोंडही बघता आलं नाही. शेत विकलं. राहिली होती ती एवढी पिशवी.

माझं डोकंच फिरलं. माझी विहीण वारली आणि मला तीन महिने पत्ता नाही!

"तू कधी चौकशी केलीस तिची?" दत्तू म्हणाला.

नाही केली. एकदाही नाही. आता राग येतोय तो माझाच. आठ महिने तोंड फुगवून बसले होते.

१० डिसेंबर, मंगळवार

पाकिटातला घेवडा काढला. मातीची कोरी तवली होती, माशाला कधी न वापरलेली. भिजवलं नाही. कांदा, लसूण, मंद आच. पाणी आटलं की उकळतंच घालायचं, गार नाही — दत्तूने सांगितलं. फोडणीसाठी हात शिवशिवत होता! अडीच तासांनी इत्सेल आली. माझ्या हातातला डाव घेतला, दाणा बोटाने दाबून बघितला. "नाऊ सॉल्ट." मी मीठ दिलं.

भाकरीशी चांगलं लागलं, खोटं कशाला बोलू. ती दोनच घास जेवली. मला सॉरी म्हणायचं होतं. एवढासा शब्द, मेला तोंडातून निघेना.

१२ डिसेंबर, गुरुवार

गेले. विमानतळावर वाकून नमस्कार केला तिने. घरी येऊन फ्रिज उघडला — गाठोडं गायब! फडकं धुऊन दोरीवर वाळत घातलेलं. टाकून दिलं! आईच्या हातचं बी कचऱ्यात! आणि म्हणे धान्याला पाय लावत नाही! माझ्यावर एवढा राग? ह्यांच्याशीही भांडले. मग रडले.

२० डिसेंबर, शुक्रवार

सकाळी तुळशीला पाणी घालायला गेले. तुळशीभोवती, कढीपत्त्याच्या कुंडीत, सगळीकडे माती फोडून हिरवे आकडे वर आलेत. घेवडा! रोज पाणी मीच घालत होते.

फळीवरचं माप आज खाली काढलं. तांदळावर तिची कापडी पिशवी, नीट घडी घालून ठेवलेली.

रिकामी परत करायची आपल्यात रीत नाही.