अकराव्या पुस्तकाचा शेवट

प्रिय बाबा,

हाताची खळ पुसा, चष्मा लावा आणि नीट टेकून बसा. नेहमीसारखं ‘मी मजेत, काळजी नसावी’ एवढ्यावर हे पत्र भागणार नाही. मजेत आहे हे खरंच, पण एक गोष्ट सांगायची राहून गेलीय. ती महिनाअखेरच्या आत तुम्हाला कळली नाही, तर चाळीस वर्षं तुमच्या ज्या पुस्तकबांधणीला कोणी बोट लावलं नाही तिला लोक हसतील. चूक माझी आणि हसं तुमचं, असं व्हायला नको. म्हणून ही घाई.

तरी आधी इथलं थोडं सांगते, नाहीतर म्हणाल, भिंगरीने स्वतःचं काही कळवलंच नाही. मी राहते ती खोली चष्म्याच्या दुकानावर आहे. खाली दिवसभर लोक एक डोळा झाकून मोठमोठ्याने अक्षरं म्हणत असतात. येता-जाता ऐकून मला तो सगळा तक्ता पाठ झालाय. उद्या दिसायचं बंद झालं तरी मी तपासणीत पास होणार. बोटीवरचं काम सोडलं, तिथला स्वयंपाकी फार ओरडायचा. मग फळांच्या पेट्या भरल्या. मग एका नाटक कंपनीचे पडदे ओढले, त्यात एकदा राजा मरायच्या आतच पडदा पाडला, आणि राजा पडद्याबाहेर हात काढून मेला. त्या नटाने नंतर मला जे काही सुनावलं ते लिहिण्यासारखं नाही. आता मात्र आठ महिने एकाच ठिकाणी आहे. हो, आठ. मीही बोटं मोजून खात्री केली. कुठे, ते पुढे येईलच. आधी मुद्दा, नाहीतर मी अशीच वाहवत जाईन.

मुद्दा असा, की वाचनालयाच्या मावशींचं जाड पाकीट आलं. गुन्हेगार शोधणाऱ्या आपल्या शिंपीणकाकूंच्या रहस्यकथांचं चाळिसावं पुस्तक येतंय म्हणे! प्रकाशकाने वाचनालयांकडून महिनाअखेरपर्यंत वाचकांची मतं मागवलीयत, आणि त्यातली निवडक पुस्तकाच्या शेवटी छापणार आहेत. मावशींनी प्रत्येक प्रतीच्या मागे तो कोरा कागद चिकटवलेला असतो ना, त्यावरची सगळी मतं उतरवून काढली. एक नक्कल मला पाठवली आणि लिहिलं, “तू लहानपणी त्याच ढिगावर झोपायचीस, तुझंही एक मत लिही.” मावशींचे नियम अजून तेच आहेत. नाव घालायचं नाही, फक्त धंदा लिहायचा, म्हणजे भांडणं घरापर्यंत जात नाहीत. आणि गुन्हेगार कोण ते फोडायचं नाही.

बाबा, दुपारभर जिन्यात बसून हसत होते. चष्मेवाला दोनदा बाहेर येऊन बघून गेला. कवायतीच्या सरांनी पाचव्या पुस्तकामागे लिहिलंय, “काकू उभ्या राहतात तेव्हा पाठ ताठ नसते. बाकी तपास समाधानकारक.” दातांच्या डॉक्टरीणबाई म्हणतात, “बाहेरच्या बाकावर ठेवलं होतं. पेशंट वाचत बसतात, आत यायला तयार होत नाहीत. परत करत आहे.” कोपऱ्यावरच्या टेलरने पान नंबर देऊन तक्रार केलीय, की बाहीचं माप घेताना काकू खांदा विसरल्या, अशा बाईला गुन्हेगार सापडतोच कसा! आणि त्याखाली कोणीतरी पेन्सिलीने, “तुम्ही माझ्या शर्टात दोन्ही विसरला होतात.” काकूंच्या नवऱ्यावर तर सगळे फिदा आहेत. एकोणचाळीस पुस्तकं झाली, तरी दर वेळी त्या माणसाचा संशय पेपरवाल्यावरच. खऱ्या पेपरवाल्याचंही मत आहे, “वाईट वाटतं, पण सवय झाली.”

मग अकराव्या आणि चौदाव्या पुस्तकाची मतं आली, आणि माझं हसू जिथल्या तिथे थांबलं.

अकराव्यात वकीलसाहेबांचा खून होतो हे तुम्हाला आठवत असेल. त्यामागे नर्सबाईंनी लिहिलंय, “वीस वर्षं दवाखान्यात आहे, पण इतकं बरं झालेलं माणूस पाहिलं नाही.” विमा एजंट लिहितो, “आमच्या धंद्यात हे चालत नाही.” कवायतीचे सर, “दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा समजेल.” आणि हायस्कूलच्या भाषेच्या मास्तरांनी तर अख्खा परिच्छेद लिहिलाय, की खून झालेले वकीलसाहेब शेवटी स्वतः येऊन विजार सैल करून मागतात आणि दोन कप चहा पितात, इथे लेखकाने मरणालाच विनोदाच्या पातळीवर आणलं, असं धाडस दुसऱ्या कोणाला जमलं नसतं. चौदाव्यात डॉक्टरांचं पितळी घड्याळ चोरीला जातं. त्यामागे स्टेशनवरचा तिकीट मास्तर, “घड्याळ शोधता शोधता काकूंनी असा खून उघडकीला आणला, की जो झाल्याचा कोणाला पत्ताच नव्हता! याला म्हणतात नजर. पण घड्याळाचं काय झालं?” खाली दुसऱ्या अक्षरात, “हो, घड्याळाचं काय झालं?” त्याखाली तिसऱ्या अक्षरात तेच. चार वर्षं गाव घड्याळ शोधतंय, बाबा. आणि ते कुठे आहे हे फक्त मला माहीत आहे.

ते अकराव्या पुस्तकात आहे. शेवटच्या फर्म्यात, त्या एकत्र शिवलेल्या सोळा पानांत.

आठवतं, तुम्ही शाळेची रजिस्टरं बांधायला दोन दिवस गेला होता आणि वाचनालयाच्या खिळखिळ्या झालेल्या दोन प्रती माझ्यावर सोपवल्या होत्या? दोन्ही उसवून, फर्मे साफ करून टेबलावर मांडले होते. तुम्ही शंभरदा बजावलेलं, की बाइंडरने वाचायचं नाही; फर्म्याच्या तळाचा आकडा बघायचा आणि मागच्या पानाचा शेवटचा शब्द पुढच्या पानाशी जुळतो का तेवढं बघायचं. मला कुठला धीर! मी दोन्ही पुस्तकांचे शेवटचे फर्मे उचलले आणि कटिंगच्या टेबलावर पालथी पडून दोन्ही शेवट आधी वाचून काढले. तेवढ्यात बाहेर टेम्पोतून कोंबड्या सुटल्या. सबंध रस्ताभर कोंबड्या, केशकर्तनालयात दोन शिरल्या, एक आरशासमोर बसून राहिली. मी अर्थातच धावले. परत आले ती पिसं झटकत, आणि समोर होते ते फर्मे लावून शिवायला घेतले. आकडे पाहिले, खोटं नाही सांगत. दोन्हींवर तेराच होता. दोन्ही पुस्तकं दोनशे आठ पानांची, दोन्हींचं शेवटचं प्रकरण नव्या पानावर सुरू होणारं, वरती दोन्हींवर ‘शिंपीणकाकू’ एवढंच छापलेलं. त्यात त्या लेखकाला नावं शोधायचा कंटाळा, त्यामुळे प्रत्येक पुस्तकात एक वकीलसाहेब, एक डॉक्टर आणि एक फणकारणारी सून. सगळं चपखल बसलं. अकराव्याला चौदाव्याचा शेवट आणि चौदाव्याला अकराव्याचा.

पंधरा दिवसांनी आपलं ते भांडण झालं. तुम्ही म्हणालात, तुझ्या हातून एक काम धड पुरं होत नाही. मी फडताळातून ती दोन पुस्तकं काढून तुमच्यासमोर आपटली, की हे बघा, हे कोणी पुरं केलं! तुम्ही रागातही पुस्तक उचललंत, पाठीवरून अंगठा फिरवलात आणि हळूच म्हणालात, “पाठ छान बसलीय.” मी दुसऱ्या दिवशी निघून गेले, पण ते वाक्य बरोबर घेऊन गेले. बोटीवर, पेट्यांच्या गोदामात, सगळीकडे. लोक शिव्या द्यायचे तेव्हा मी मनात म्हणायचे, द्या, पण माझी पाठ छान बसते. आता कळतंय की कसली बसते ती.

अजून एक मत राहिलं. अकराव्याच्या कागदावर अगदी खाली, बारीक अक्षर, “मेलेला माणूस चहा पितो. हा विनोद नव्हे, आळस आहे. यापुढे मी ही पुस्तकं वाचणार नाही. – बाइंडर.” मावशींनी त्यापुढे मला लिहिलंय, की त्या दिवसानंतर तुम्ही खरंच एकही नेलं नाही. बाबा, दर शनिवारी एक काकू, आणि वाचताना खोकल्यासारखं ते तुमचं हसणं, आतल्या खोलीत मला ऐकू यायचं. ते माझ्यामुळे बंद झालं. दुसऱ्या कोणा बाइंडरचं काम असतं तर तुम्ही पहिल्या झटक्यात पुस्तक उलटं करून शिवण तपासली असती. पण त्यावर आपलं लेबल होतं आणि काम माझं होतं, म्हणून तुम्ही लेखकावर संशय घेतलात आणि माझ्यावर नाही. हे मला सर्वांत जास्त लागलं. हसावं की रडावं कळेना, म्हणून वर जाऊन भांडी घासली.

ही मतं छापली गेली तर लेखक पहिल्यांदा विचारेल, माझ्या पुस्तकात चहा पिणारं हे भूत आलं कुठून. मग वाचनालय, मग आपलं लेबल. मावशींना मी कळवू शकले असते, की ते दोन कागद गुपचूप वगळा, कोणाला काही कळायचं नाही. तसं पत्र लिहिलंही होतं. ते फाडलं, कारण मग तुम्हालाही कधीच कळलं नसतं. आता तुम्हीच मावशींना सांगा, काय पाठवायचं आणि काय नाही ते. पण त्याआधी शनिवारी जाऊन चौदावं पुस्तक मागा आणि त्याची शेवटची सोळा पानं वाचा. तुमच्या अकराव्याचा खरा शेवट तिथे आहे. वकीलसाहेब व्यवस्थित मेलेले आहेत आणि खून कोणी केला ते कळल्यावर तुम्ही खोकाल, पैज लावते. पुढची बाकी सगळी पुस्तकं तुमच्यासाठी कोरी आहेत. इतकं सुख मी तरी कोणाचं पाहिलेलं नाही.

आठ महिने मी आहे ती जागा म्हणजे एक बाइंडिंगचा कारखाना आहे. मुद्दाम शोधली नाही. पावत्यांची पुस्तकं शिवायला माणूस हवा होता आणि मी दारात उभी होते. सुई हातात घेतली आणि हात आपोआप चालायला लागले. मालकीणबाईंनी विचारलं, कोणाकडे शिकलीस, तर तुमचं नाव सांगताना माझा आवाज जरा चढलाच. मावशींनी पाकिटात शेवटी लिहिलंय, की तुम्हाला सुईत दोरा ओवायला त्रास होतो, पुढच्या महिन्यापासून दुकान बंद करणार आणि दाबयंत्र कोणालातरी देऊन टाकणार. बाबा, देऊ नका. मला परत यायचंय, टेबलाच्या त्या बाजूला बसायचंय, दोरा मी ओवीन. कायमची एका जागी राहीन असं वचन देत नाही, ते तुम्हालाही खरं वाटणार नाही. पण ज्या कामासाठी मला शाबासकी मिळाली ते काम कसं होतं हे लपवून तुमच्या दारात उभं राहायचं नव्हतं. आता सगळं माहीत झालंय. तरीही घ्याल का, एवढं कळवा. नाही म्हणालात तरी एक दिवस येणारच, ती दोन पुस्तकं मलाच उसवायची आहेत. हो म्हणालात, तर बॅग मोठी आणीन.

धड न बसणारी, पण तुमचीच,
भिंगरी